जॅमरची रेंज पाठ करून काही कळत नाही: इलेक्ट्रॉनिक युद्धाचा परिणाम तपासायचे आठ टप्पे

सैन्यात अधिकारी व्हायला एनडीए, सीडीएस, एसएसबीची तयारी करणारी पोरं असोत, छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या कॉलेजात प्रकल्प लिहिणारे असोत, की जिल्हा आवृत्तीसाठी संरक्षणावर लेख लिहिणारे असोत, इलेक्ट्रॉनिक युद्धाचा विषय आला की सगळ्यांची गाडी एकाच खड्ड्यात जाते. आधी यंत्रांची यादी, मग माहितीपत्रकातली रेंज, मग "इतके ड्रोन पाडले" हा आकडा आणि शेवटी "म्हणून अमुक देश पुढे". इलेक्ट्रॉनिक युद्ध म्हणजे रेडिओ, रडार, उपग्रह यांच्या सिग्नलवरून होणारी लढाई आणि जॅमर म्हणजे शत्रूचे सिग्नल बिघडवणारं यंत्र; या लढाईचा परिणाम यातल्या एकाही ओळीतून कळत नाही.

परिणाम म्हणजे शत्रूला त्या वेळी, त्या जागी जे करायचं होतं ते त्याला करता आलं नाही, आणि ते अडवताना आपलं काय गेलं. तपासायचं एवढंच आहे, पण क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं.

## तयारी

एक दावा तपासायला एक संध्याकाळ धरा. लागेल ते असं:

- आडवी धरलेली वही. सात रकाने आखा: कोणी, कशावर, कोणता दुवा, कुठून किती अंतर, कधी आणि किती वेळ, स्वतःचं नुकसान, पुरावा.
- वर्गमूळ काढता येणारा कॅल्क्युलेटर. मोबाइलमधला चालतो.
- ज्या भागातला दावा आहे तिथला उंचसखलपणा दाखवणारा नकाशा. नुसता रस्त्यांचा नकाशा इथे कामाचा नाही.
- उपग्रहांची सिग्नलशक्ती दाखवणारं मोबाइल ॲप, उदाहरणार्थ जीपीएसटेस्ट.
- मराठवाड्याचा साधा नकाशा. अंतराचा अंदाज परक्या गावांच्या नावांनी येत नाही. २० किलोमीटर म्हणजे किती, हे तेवढ्याच अंतरावरची ओळखीची दोन गावं डोळ्यांसमोर आणली की लगेच समजतं.

थांबा. प्रयोगासाठी जॅमर मागवायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. मोबाइल किंवा जीपीएस बंद पाडणारी उपकरणं केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय विकणं किंवा वापरणं बेकायदा आहे, मग ती ऑनलाइन कितीही स्वस्त दिसोत. या लेखातली सगळी तपासणी फक्त बघून, ऐकून आणि मोजून होते. आपल्या सैन्याच्या हालचालींचे किंवा यंत्रांचे फोटो जागेसकट टाकणं हाही त्याच जातीचा मूर्खपणा आहे.

## टप्पा १: दावा एका वाक्यात बसवा, मग मोडा

बातमी जशी आली तशी घेऊ नका. तिचं एक वाक्य करा आणि त्यातली क्रियापदं वेगळी काढा. चूक बहुतेक वेळा क्रियापदातच लपलेली असते.

ऑपरेशन सिंदूरनंतर मे २०२५ मध्ये भारत सरकारच्या निवेदनात असं म्हटलं होतं की, हवाई दलाने पाकिस्तानची चिनी बनावटीची हवाई संरक्षण यंत्रणा बगल देऊन आणि जॅम करून २३ मिनिटांत मोहीम पूर्ण केली. आपल्याकडच्या बहुतेक लेखांत याचं "भारताने पाकिस्तानी रडार जॅम केले" एवढंच उरलं. मूळ वाक्यात मात्र दोन क्रियापदं आहेत. बगल देणं म्हणजे रडार कुठे बघतंय आणि कुठे बघत नाही हे आधीच ओळखून त्याच्या आंधळ्या बाजूने जाणं किंवा त्याच्या टप्प्याबाहेरून मारा करणं. जॅम करणं म्हणजे बघत असलेल्या रडारला गोंधळात टाकणं. पहिल्यात कमाई गुप्त माहितीची आणि नियोजनाची असते, दुसऱ्यात जॅमरची. दोन्ही एकाच खात्यावर जमा केलं की हिशेब बिघडला.

आता हे वाक्य वहीत उतरवा. "कोणी" भरलं, "कशावर" अर्धं भरलं, "किती वेळ" याचा एक आकडा मिळाला. कोणत्या बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात), किती अंतरावरून, कोणत्या क्रमाने, हे रकाने कोरेच राहतात. कोरे राहू द्या. ते अंदाजाने भरायची खाज सुटते आणि अर्धे लेख तिथेच वाया जातात.

पडताळा: वाक्यात "निष्प्रभ केलं", "नामोहरम केलं", "ठप्प केलं" यातलं काही असेल तर विचारा: नेमकं काय बंद पडलं? उत्तर एका नामात आलं नाही, तर दावा अजून तपासण्याजोगा झालेला नाही.

## टप्पा २: काम ओळखा. ऐकणं, बिघडवणं, की वाचवणं?

इलेक्ट्रॉनिक युद्धाची कामं तीन. शत्रूचे सिग्नल ऐकून तो कुठे आहे आणि काय वापरतोय हे शोधणं. त्याचे सिग्नल बिघडवणं किंवा त्याला खोटे सिग्नल देणं. आणि आपले सिग्नल या दोन्हींपासून वाचवणं. डोळ्यांना दिसतं ते दुसरं, म्हणून सगळे दुसऱ्याबद्दलच लिहितात. रणांगणावर माणसं मात्र पहिल्यामुळेही मरतात. रेडिओचं बटण दाबलं की दिशा कळते, दोन-तीन ठिकाणांहून दिशा मिळाल्या की जागा कळते आणि जागा कळली की तोफ चालते. यात कुणीही काहीही जॅम केलेलं नसतं.

माळेगावच्या जत्रेत बैलांचा सौदा बघितलेल्यांना हे समजावं लागत नाही. भोवती गर्दी, सगळे ओरडतायत, आणि दोन व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. बाजूचा माणूस कितीही कान लावो, त्याच्या हाती काही लागत नाही आणि तो कितीही ओरडला तरी सौदा मोडत नाही. तिसरं काम म्हणजे हेच उपरणं. ज्या सैन्याकडे ते चांगलं आहे त्याच्या समोरचा जॅमर कागदावर जबरदस्त आणि शिवारात निरुपयोगी असू शकतो.

आणखी एक गोष्ट इथेच नोंदवा. ऐकणं आणि बिघडवणं यांची आपसात भांडणं असतात. शत्रूचं जाळं जॅम केलं की त्यावरून मिळणारी माहितीही बंद होते. म्हणून एखादं जाळं दोन दिवस शांतपणे चालू राहिलं, तर "जॅमर कमी पडला" असा निष्कर्ष लगेच काढू नका. कुणीतरी मुद्दाम ऐकत बसलेलं असू शकतं.

## टप्पा ३: कोणता दुवा तुटला?

"ड्रोन जॅम झाला" हे वाक्य "गाडी बिघडली" इतकंच ढोबळ आहे. साध्या ड्रोनला किमान तीन दुवे असतात, आणि प्रत्येक तुटल्यावर तो वेगळा वागतो.

१. चालकाकडून ड्रोनकडे जाणारा हुकूम. हा तुटला तर ड्रोन आधी ठरवून दिलेलं करतो: जागेवर थांबतो, खाली उतरतो किंवा निघाला तिथे परततो. ठरलेल्या मार्गावर स्वतः उडणाऱ्या ड्रोनला तर हा दुवा तुटल्याचं सोयरसुतकही नसतं.

२. ड्रोनकडून चालकाकडे येणारं चित्र. हा तुटला की चालक आंधळा होतो, ड्रोन नाही. इथे जॅमरला चालकाच्या अँटेनाजवळ पोचावं लागतं, कारण ऐकणारा कान तिथे आहे. हा फरक लेखांत बऱ्याचदा सुटलेला असतो.

३. उपग्रहांकडून येणारी जागा आणि वेळ. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. १५७५.४२ मेगाहर्ट्झवरचा त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा साधारण उणे १२८ डीबीएम (हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक), म्हणजे रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षाही खाली असतो. म्हणून हा दुवा सगळ्यात नाजूक. इथे दोन वेगळे प्रकार होतात. जॅमिंगमध्ये "मी कुठे आहे ते कळत नाही" असं रिसीव्हरला कळतं. स्पूफिंगमध्ये त्याला चुकीची जागा खात्रीने कळते, आणि ते जास्त घातक.

फवारणीचा ड्रोन पाहिलेल्या शेतकऱ्याला यातला तिसरा दुवा ओळखीचा आहे. आरटीके, म्हणजे उपग्रहाने दिलेली जागा जमिनीवरच्या केंद्रावरून दुरुस्त करणारी सोय, चालू असताना तो सोयाबीनच्या तासावरून काही सेंटिमीटरच्या चुकीत सरळ जातो. दुरुस्तीचा सिग्नल तुटला की तोच ड्रोन मीटरभर इकडेतिकडे सरकतो किंवा थांबून राहतो. ड्रोन पडलेला नाही, हुकूम ऐकतोय, चित्रही येतंय, तरी काम झालं नाही. सैन्याच्या भाषेत हा पूर्ण यशस्वी हल्ला आहे आणि "पाडलेल्या ड्रोन"च्या यादीत त्याची एकही नोंद होणार नाही.

हाताने करून बघा. मोबाइलवर उपग्रहांचं ॲप उघडा आणि मोकळ्या रानात उभे राहा. प्रत्येक उपग्रहासमोर सिग्नल आणि खरखर यांच्या प्रमाणाचा आकडा दिसेल. उघड्या आभाळाखाली चांगल्या उपग्रहांचे आकडे साधारण ३५ ते ४५ डेसिबल-हर्ट्झ असतात. आता पत्र्याच्या शेडखाली जा. काही उपग्रह गायब होतील, काही २० च्या आसपास येतील, दाराच्या बाजूचे एकदोन तसेच राहतील. हा आडोसा. जॅमिंगमध्ये उघड्या आभाळाखालीच सगळ्या उपग्रहांचे आकडे एकदम खाली येतात, कारण खरखर वाढलेली असते. स्पूफिंगमध्ये उलट आकडे छान दिसतात, बरेच उपग्रह संशय यावा इतके सारख्या ताकदीचे असतात आणि जागा मात्र उडी मारते. शेडचा प्रयोग दहा मिनिटांचा आहे, पण "सिग्नल गेला म्हणजे जॅम केला" ही सवय त्याने मोडते.

## टप्पा ४: अंतराचं गणित करा

हा टप्पा लोक टाळतात, कारण वर्गमूळ येतं. पण माहितीपत्रकातल्या "रेंज ३०० किमी"ची हवा इथेच निघते.

आधी क्षितिज. व्हीएचएफ (३० मेगाहर्ट्झपासून पुढच्या) आणि त्यावरच्या लहरी साधारण सरळ जातात, पृथ्वी मात्र गोल आहे. दोन अँटेनांमधलं कमाल अंतर किलोमीटरमध्ये असं काढा: पहिल्या उंचीचं वर्गमूळ अधिक दुसऱ्या उंचीचं वर्गमूळ, गुणिले ४.१२. उंची मीटरमध्ये.

- १० मीटरच्या खांबावरचा जॅमर आणि २ मीटरवर धरलेला वॉकीटॉकी: जवळजवळ १९ किलोमीटर.
- तोच जॅमर आणि १०० मीटरवर उडणारा ड्रोन: ५४ किलोमीटर.
- देवगिरीच्या माथ्यावर, म्हणजे सपाटीपासून सुमारे २०० मीटरवर, तोच जॅमर विनाखांब ठेवला आणि समोर तोच वॉकीटॉकी असेल तर: ६४ किलोमीटर. कागदावर बदनापूर ओलांडून जालन्याच्या अलीकडेपर्यंत. मधे टेकडी आली की तेवढंही नाही.

म्हणजे एकच यंत्र, एकच ताकद, आणि टप्पा १९ पासून ६४ पर्यंत. रेंज हा यंत्राचा गुण नसून यंत्र, समोरचा आणि जमीन या तिघांचा मिळून आकडा आहे. ३०० किलोमीटरचा दावा उंच उडणाऱ्या विमानाच्या रडारविरुद्ध खरा असू शकतो आणि त्याच वेळी खंदकातल्या सैनिकाच्या रेडिओविरुद्ध हास्यास्पद.

मग ताकद. डीजेच्या भिंतीसमोर उभ्या माणसाशी बोलायचं असेल तर आपण काय करतो? त्याच्या कानाशी जातो. डीजेचा आवाज कमी झालेला नसतो, आपलं अंतर कमी झालेलं असतं. मोकळ्या जागेत ताकद अंतराच्या वर्गाने घटते, म्हणून हिशेब असा: जॅमर आणि चालक यांच्या ताकदीचं प्रमाण, गुणिले चालक ते ड्रोन आणि जॅमर ते ड्रोन या अंतरांच्या प्रमाणाचा वर्ग.

समजा चालकाचा ट्रान्समीटर १ वॅटचा, जॅमर १०० वॅटचा, आणि दोघांत २४ किलोमीटर.

- ड्रोन चालकापासून २ किमी, जॅमरपासून २२ किमी: जॅमरचं पारडं ०.८३ पट. म्हणजे शंभरपट ताकद असून हार.
- ड्रोन ४ किमी पुढे, जॅमर २० किमीवर: ४ पट.
- ड्रोन ८ किमी पुढे, जॅमर १६ किमीवर: २५ पट.

जॅमर भिंतीसारखा नसतो, चिखलासारखा असतो. पुढे जाल तसे पाय जास्त रुततात.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: रुंदी. ड्रोनचा दुवा २ मेगाहर्ट्झ रुंद असेल आणि तो कुठे आहे हे माहीत नसल्याने जॅमर १०० वॅट ८० मेगाहर्ट्झवर पसरत असेल, तर कामाचे वॅट फक्त अडीच. वरचे ४ पट मग ०.१ पट होतात आणि २५ पट ०.६ पट. शंभर वॅटचा जॅमर एका वॅटपुढे हरला, तेही १६ किलोमीटरवर. म्हणून टप्पा २ मधलं ऐकणं आधी येतं: नेमकी फ्रिक्वेन्सी कळली की तेच १०० वॅट एका ठिकाणी ओतता येतात.

रडारच्या बाबतीत गणित थोडं वेगळं. रडारचा सिग्नल जातो आणि परत येतो, म्हणून प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने बदलतो. जॅमर एकाच बाजूने येतो, म्हणून वर्गाने. जॅमर लावलेलं विमान रडारपासून निम्म्या अंतरावर आलं की प्रतिध्वनी १६ पट वाढतो, जॅमिंग फक्त ४ पट. एका अंतरानंतर रडारला विमान दिसणारच. ते अंतर क्षेपणास्त्राच्या माऱ्याच्या आत आहे की बाहेर, हा खरा प्रश्न. "रडार आंधळं केलं" हे उत्तर त्यापुढे अपुरं.

पडताळा: हे आकडे मोकळ्या जागेचे आहेत. झाडी, इमारती, दिशादर्शक अँटेना यांनी ते बदलतात. निकाल दुप्पट-तिप्पट इकडेतिकडे झाला तर वाद घालू नका, दहा पट चुकला तर दावा पुन्हा वाचा.

## टप्पा ५: तारीख लिहा

इलेक्ट्रॉनिक युद्धातला कोणताही आकडा तारखेशिवाय वापरू नका.

लंडनच्या रॉयल युनायटेड सर्व्हिसेस इन्स्टिट्यूटच्या नोव्हेंबर २०२२ च्या अहवालात युक्रेनच्या साध्या चार पंख्यांच्या ड्रोनचं आयुष्य सरासरी तीन उड्डाणं आणि स्थिर पंखांच्या ड्रोनचं सहा उड्डाणं दिलं आहे. तो आकडा युद्धाच्या पहिल्या काही महिन्यांचा आहे. त्याच संस्थेच्या मे २०२३ च्या अहवालात रशियाने दर १० किलोमीटर आघाडीमागे इलेक्ट्रॉनिक युद्धाची एक मोठी यंत्रणा, साधारण ७ किलोमीटर मागे ठेवल्याचं आणि युक्रेन महिन्याला सुमारे १०,००० ड्रोन गमावत असल्याचं म्हटलं आहे. हा १०,००० चा आकडा आपल्याकडे "जॅमरने पाडलेले" म्हणून फिरतो. तो एकूण गमावलेल्यांचा आहे. गोळीने पडलेले, बॅटरी संपलेले, चालकाने झाडावर घातलेले, सगळे त्यात आले.

तारीख का महत्त्वाची, ते एक्सकॅलिबर या उपग्रहाच्या मदतीने जाणाऱ्या तोफगोळ्यावरून कळतं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढच्या लेखी निवेदनात हडसन इन्स्टिट्यूट या अभ्यास संस्थेचे डॅनियल पॅट यांनी सांगितलं की युक्रेनमध्ये सुरुवातीला या गोळ्याची अचूकता ७० टक्के होती आणि सहा आठवड्यांत ती ६ टक्क्यांवर आली. गोळा तोच, तोफ तीच. विद्यार्थ्याने वहीत "७० टक्के" लिहिलं तरी खरं आणि "६ टक्के" लिहिलं तरी खरं. तारीख नसेल तर दोन्ही निरुपयोगी.

उलटा झोकाही तितकाच जोरात येतो. रशियाने २०२४ पासून बारीक फायबरची तार मागे सोडत जाणारे ड्रोन मोठ्या प्रमाणावर वापरायला सुरुवात केली, पुढे युक्रेननेही. हुकूम आणि चित्र दोन्ही तारेतून, म्हणजे हवेत जॅम करायला काही उरलंच नाही. त्या ड्रोनसमोर शेकडो वॅटचा जॅमर म्हणजे बंद मोबाइलवर मिस्ड कॉल. पण तारेचं वजन, तिच्या लांबीची मर्यादा आणि झाडात अडकणं ही किंमत ड्रोनला मोजावीच लागते. जॅमरने शत्रूला हे ओझं उचलायला लावलं, हाही परिणामच. तो नोंदवायला विसरू नका.

## टप्पा ६: स्वतःला बसलेला फटका वजा करा

जमेची बाजू लिहून वही मिटवणारे इथे पकडले जातात. नावे (खर्चाच्या बाजूला) टाकायच्या रकमा तीन आहेत.

पहिली, आपलेच रेडिओ. जॅमरला आपला-परका कळत नाही. २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत रशियन जॅमिंगचा त्रास रशियाच्याच तुकड्यांच्या संपर्काला झाला. म्हणून शिस्तीच्या सैन्यात जॅमिंगआधी "या फ्रिक्वेन्सीला हात लावायचा नाही" अशी यादी तयार होते. एखाद्या मोहिमेत जॅमर अर्धा वेळ बंद होता असं कळलं, तर कारण बहुधा याच यादीत सापडतं.

दुसरी, जॅमर स्वतः. जास्त ताकदीचं प्रसारण म्हणजे रात्रीच्या शिवारात पेटवलेली शेकोटी. ऐकणाऱ्याला जागा कळते, मग तोफ किंवा रडार-जॅमरच्या सिग्नलवर झेपावणारं क्षेपणास्त्र येतं. मोठी यंत्रणा आघाडीला आणली तर टप्पा ४ मधलं गणित सुधारतं आणि ती गमावण्याची शक्यताही वाढते. मार्च २०२२ मध्ये कीव्हजवळ रशियाच्या क्रासुखा-४ या जॅमिंग यंत्रणेचा नियंत्रण कक्ष युक्रेनच्या हाती लागला. असा कक्ष गेला म्हणजे नुसता ट्रक जात नाही. त्यात काय ऐकलं जातं आणि कसं ऐकलं जातं हेही जातं.

तिसरी, साधी माणसं. फिनएअरने एप्रिल २०२४ च्या अखेरीपासून महिनाभर एस्टोनियातल्या टार्टू विमानतळावरची उड्डाणं जीपीएसमधल्या अडथळ्यामुळे थांबवली होती. तिथे युद्ध नव्हतं.

थांबा. या तिन्ही रकमा शून्य येत असतील तर दावा करणाऱ्या बाजूचीच माहिती तुमच्याकडे आहे. दुसऱ्या बाजूचं वाचा आणि मगच पुढे चला.

## टप्पा ७: पुराव्याला प्रत लावा

आडतीवर शेतमाल येतो तेव्हा व्यापारी पोत्यात हात घालून मधला माल काढतो, वरचा बघत नाही. इथेही तसंच. चार प्रकारचा माल सारखा येतो.

तुटलेल्या चित्राचा व्हिडिओ. हल्ला करणाऱ्या ड्रोनच्या शेवटच्या दोन सेकंदांत मुंग्या येतात आणि खाली लिहिलेलं असतं "जॅमरने वाचवलं". बहुतेक वेळा तो जॅमर नसतो, टप्पा ४ मधलं क्षितिज असतं. ड्रोन लक्ष्यावर झेप घेतो, उंची १०० मीटरवरून ५ मीटरवर येते, मधे झाडं येतात आणि चित्र जातं. उंच, मोकळ्या जागी, सरळ उडत असताना चित्र गेलं असेल तरच जॅमिंगचा संशय धरा.

जमिनीवर पडलेला अख्खा ड्रोन. मोडतोड नाही म्हणजे गोळी लागलेली नाही, एवढंच सिद्ध होतं. जॅमिंग, बॅटरी, मोटर, वारा, यातलं कोणतंही कारण असू शकतं.

विमानांच्या माहितीवरचा जॅमिंगचा नकाशा. जीपीएसजॅम नावाचं संकेतस्थळ प्रवासी विमानं स्वतःच्या जागेच्या अचूकतेबद्दल जे सांगतात त्यावरून षटकोन रंगवतं. कमी अचूकतेची विमानं २ टक्क्यांपर्यंत असतील तर हिरवा, १० टक्क्यांवर गेली तर लाल. चांगलं साधन आहे, पण वाचताना दोन चुका होतात. एक, विमान १०,००० मीटरवर असतं आणि वरच्या सूत्राने त्याचं क्षितिज ४१२ किलोमीटर येतं. लाल षटकोनाखालच्या गावात मोबाइलचा जीपीएस ठणठणीत असू शकतो आणि जॅमर तीन जिल्हे पलीकडे. दोन, विमानं नसली की षटकोन कोरा राहतो. मे २०२५ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी उड्डाणांसाठी बंद होते. त्या दिवसांचा कोरा पट्टा दाखवून "जॅमिंग नव्हतं" म्हणणं म्हणजे बंद दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून मालाला दोष देणं.

सरकारी निवेदन. खोटं समजू नका, पुरेसंही समजू नका. ते काय सांगतं यापेक्षा काय सांगत नाही हे रकान्यांत दिसतं. फ्रिक्वेन्सी आणि जागा कोणतंही शहाणं सरकार सांगणार नाही. न सांगणं हा अपयशाचा पुरावा नाही आणि यशाचाही नाही.

वहीत प्रत्येक पुराव्यापुढे प्रत लिहा. दोन स्वतंत्र बाजूंनी दुजोरा असेल तर "अ". एकाच बाजूचा पण गणितात बसणारा असेल तर "ब". गणितात न बसणारा "क". समाजमाध्यमावरचे दहा व्हिडिओ एकाच जागेवरून उचललेले असतील तर ती एकच नोंद.

## टप्पा ८: निकाल लिहा

निकालाचा साचा ठरलेला ठेवा: कोणी, कोणाचं कोणतं काम, कोणता दुवा तोडून, कधी, किती काळ अडवलं, त्यासाठी काय मोजलं, शत्रूने त्यावर काय काढलं, खात्री किती.

भरलेला नमुना असा दिसतो:

"रशियाने युक्रेनच्या एक्सकॅलिबर गोळ्यांची अचूकता उपग्रहाचा दुवा बिघडवून काही आठवड्यांत बऱ्याच अंशी संपवली. दुवा: जीपीएस. आकडे: ७० वरून ६ टक्के, मार्च २०२४ चं निवेदन. रशियाचं स्वतःचं नुकसान: या उदाहरणापुरती माहिती नाही. खात्री: ब."

या नमुन्यात एकाही यंत्राचं नाव नाही, हे बघून घ्या. आणि "इलेक्ट्रॉनिक युद्धात रशिया जगात पहिला" हे वाक्य त्यातून निघत नाही. ते लिहावंसं वाटलं तर कोणत्या रकान्यातून निघतं ते शोधा.

एसएसबीच्या लेक्चरेटसाठी, म्हणजे दिलेल्या विषयावरच्या छोट्या भाषणासाठी, तीन मिनिटं असतात. तिथे आठही टप्पे सांगायला जाऊ नका. टप्पा ३ मधले तीन दुवे, टप्पा ४ मधलं एक उदाहरण आणि टप्पा ६ मधला एक फटका, एवढं नीट बोललात तरी वेळ भरतो. लेख लिहिणाऱ्यांनी मात्र कोरे रकानेही छापावेत. वहीचं पान फोटो काढून ठेवा, सहा महिन्यांनी त्याच दाव्यावर नवी माहिती येते तेव्हा कोणता रकाना भरायचा राहिला होता ते शोधत बसावं लागत नाही.